वाचकांचे प्रश्न : रक्तदाब, स्वतः घेतलेली काळजी आणि संशोधनाची पारख

प्रश्न : गेली काही वर्षे मला उच्च रक्तदाब आहे. गोळ्या चालू आहेत, घरी यंत्र आहे, चालणे आणि मीठ कमी करणे हेही जमेल तसे करतो. परंतु दर आठवड्याला कोणी ना कोणी बातमी पाठवतो, की अमुक उपायाने वरचा रक्तदाब बारा-पंधराने उतरला आणि ते संशोधनाने सिद्ध झाले आहे. पुढे कधीतरी त्याच उपायाचा काही उपयोग नाही, अशीही बातमी येते. मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. आयुष्यभर हिशेबाचे काम केले. संशोधन पक्के की कच्चे, हे माझ्यासारख्याने कशावरून ओळखावे?

उत्तर : हिशेबाची सवय ही इथे मोठी जमेची बाजू आहे. ‘बाराने उतरला’ असे वाचल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की ज्यांनी तो उपाय केला नाही त्यांचा रक्तदाब किती उतरला? हा दुसरा आकडा बातमीत बहुधा नसतो आणि संशोधनाची निम्मी पारख त्याच आकड्यावर होते.

एक उदाहरण घेऊ. २०१० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ‘टॅस्मिन-एच २’ नावाच्या ब्रिटिश चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचार चालू असूनही रक्तदाब आटोक्यात नसलेल्या ५२७ जणांची त्यात दोन गटांत विभागणी केली होती आणि कोण कुठल्या गटात जाणार हे निव्वळ योगायोगावर सोपवले होते. एका गटातील माणसांनी घरी रक्तदाब मोजायचा आणि डॉक्टरांशी आधीच ठरवून घेतलेल्या योजनेनुसार गोळ्यांमध्ये स्वतः बदल करायचा, असे ठरले होते. दुसऱ्या गटाचे उपचार नेहमीप्रमाणेच चालू राहिले. वर्षअखेरीस पहिल्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी १७.६ मिमीने (मिमी म्हणजे पाऱ्याचे मिलिमीटर, रक्तदाबाचे एकक) उतरला होता. एवढेच छापले असते तर कोणालाही तो चमत्कार वाटला असता. परंतु नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटाचा रक्तदाबही १२.२ मिमीने उतरला होता. स्वतः घेतलेल्या काळजीच्या नावावर जमा होतात ते या दोन्हींतील फरकाचे ५.४ मिमी. हा फरक लहान समजू नये. तीन लाख चव्वेचाळीस हजारांहून अधिक माणसांची माहिती एकत्र करून २०२१ साली झालेल्या विश्लेषणात असे दिसले, की औषधांनी वरचा रक्तदाब ५ मिमीने उतरवला की हृदयविकार, पक्षाघात अशा मोठ्या घटनांचा धोका सुमारे १० टक्क्यांनी घटतो. तेव्हा ५.४ हा आकडा मोलाचा आहे. फक्त तो १७.६ नाही.

ज्यांच्यासाठी वेगळे काहीच केले नाही त्यांचा रक्तदाब का उतरावा, असे आपल्या मनात येईल. याचे मुख्य कारण असे, की रक्तदाब दिवसागणिक, किंबहुना तासागणिक बदलतो आणि अभ्यासात माणसे घेतली जातात ती ज्या दिवशी त्यांचा रक्तदाब ठरावीक मर्यादेच्या वर भरला त्या दिवशी. त्यांतील काहींचा आकडा त्या दिवसापुरताच चढलेला असतो. पुन्हा मोजला की तो आपोआप आपल्या नेहमीच्या सरासरीकडे येतो. ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ साली आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीबाबत हीच गोष्ट मांडली होती : फार उंच आईवडिलांच्या मुलांची उंची सरासरीच्या जवळ येते. शिवाय पहिल्या भेटीतले दडपण पुढच्या भेटींत ओसरते आणि आपल्यावर कोणाचे तरी लक्ष आहे हे ठाऊक असल्याने माणूस गोळ्या चुकवेनासा होतो. ही सारी घट दोन्ही गटांत होते. म्हणूनच ‘उपायाआधी सरासरी १५८, तीन महिन्यांनी १४६’ असे एकाच गटाचे आकडे देणाऱ्या अभ्यासावरून त्या उपायाबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही, मग त्यात माणसे कितीही असोत.

याच चुकीचा एक सभ्य दिसणारा प्रकार मला विशेष धोक्याचा वाटतो, कारण तो चांगल्या नियतकालिकांतही आढळतो. लेखात दोन गट असतात, पण निष्कर्षात लिहिलेले असते, की उपाय करणाऱ्या गटातील घट ‘संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय’ (म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा न दिसणारी) होती आणि दुसऱ्या गटातील तशी नव्हती. ही दोन गटांची तुलना झालीच नाही. प्रत्येक गटाची स्वतःशीच तुलना झाली. एका गटात ९ ची आणि दुसऱ्यात ७ ची घट असेल, तरी पहिली ‘लक्षणीय’ आणि दुसरी ‘नाही’ असे निघू शकते आणि फरक मात्र २ चाच राहतो. दोन्ही गटांमधील फरक किती, आणि तो फरक कोणत्या दोन मर्यादांच्या दरम्यान असण्याची शक्यता आहे, हे लेखात शोधावे. वरील चाचणीत त्या मर्यादा २.४ आणि ८.५ होत्या. खालची मर्यादा शून्याच्या बरीच वर आहे, म्हणजे निष्कर्ष निव्वळ योगायोगाचा नसावा. पण फायदा अडीचचा की साडेआठचा, हे त्या एका चाचणीवरून ठरत नाही.

गट योगायोगाने पाडण्याचा आग्रह का, हेही सांगायला हवे. जो माणूस आपणहून रोज चालतो तो बहुधा गोळ्याही वेळेवर घेतो आणि डॉक्टरांकडेही नियमित जातो. अशांची तुलना न चालणाऱ्यांशी केली तर फायदा चालण्याचा की एकूण शिस्तीचा, हे वेगळे करता येत नाही. योगायोगाने विभागणी केल्याचा दावा असला तरी ती प्रत्यक्षात कशी झाली हे पाहावे लागते. भूमध्यसागरी आहाराने हृदयविकार आणि पक्षाघात टळतात का, याची स्पेनमध्ये ७४४७ जणांवर झालेली ‘प्रेडिमेड’ ही गाजलेली चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली होती. पुढे असे लक्षात आले, की काही ठिकाणी एकाच घरातील माणसे एकाच गटात घातली होती आणि एका केंद्रावर तर दवाखानेच्या दवाखाने एकेका गटात टाकले होते. २०१८ साली तो लेख मागे घेऊन नव्या विश्लेषणासह पुन्हा प्रसिद्ध करावा लागला. निष्कर्षाची दिशा तीच राहिली, पण त्याबद्दलची खात्री पूर्वीइतकी ठाम राहिली नाही.

शेवटी, अभ्यास सुरू होण्याआधी त्याची जाहीर नोंदणी झाली होती का ते पाहावे. प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांनी २००५ पासून ही अट घातली आहे. नोंदणीत मुख्य मोजमाप म्हणून ‘बारा महिन्यांनंतरचा वरचा रक्तदाब’ लिहिले असेल आणि लेखात मात्र ‘तीन महिन्यांनंतरचा खालचा रक्तदाब’ ठळकपणे मांडला असेल, तर मधल्या काळात काय घडले असावे हे हिशेबनिसाला वेगळे सांगायला नको.

प्रश्न : मी परिचारिका आहे आणि रक्तदाबाच्या रुग्णांना स्वतःची काळजी घ्यायला शिकवते. औषधाच्या चाचणीत बनावट गोळी देता येते. पण मीठ कमी केले, चालायला गेले, यंत्राने रक्तदाब मोजला, हे ज्याचे त्याला कळतेच. मग अशा साऱ्या अभ्यासांचा दर्जा मुळातच कमी मानायचा का?

उत्तर : नाही. परंतु आपण दाखवलेली उणीव खरी आहे आणि ती किती मोठी असू शकते हे मूत्रपिंडाच्या धमनीभोवतालच्या नसा निकामी करण्याच्या उपचाराने दाखवून दिले. आरंभीच्या एका चाचणीत त्या उपचाराने वरचा रक्तदाब ३२ मिमीने उतरल्याचे नोंदले गेले होते. त्या चाचणीत कोणाला उपचार झाला हे सर्वांना माहीत होते. २०१४ साली ‘सिम्प्लिसिटी-३’ या चाचणीत दुसऱ्या गटावर केवळ उपचाराचा आभास होईल एवढीच प्रक्रिया केली गेली, तेव्हा खऱ्या उपचाराच्या गटात घट सुमारे १४ मिमीची आणि आभासी उपचाराच्या गटातही सुमारे १२ मिमीची निघाली. आपल्याला काय मिळते आहे हे कळण्याचा परिणाम एवढा असू शकतो.

स्वतःच्या काळजीबाबत असा आभास निर्माण करता येत नाही, हे मान्य करून पुढे जावे लागते. मग दर्जाची कसोटी दोन गोष्टींवर येते : अखेरचा रक्तदाब कोणी आणि कसा मोजला, आणि कोणत्या गोष्टी रुग्णाच्या शब्दावर मान्य केल्या.

मोजण्याबद्दल आपल्याला अनुभव आहेच, तरी काही आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांच्या दंडाला सर्वांत मोठ्या मापाचा पट्टा हवा होता त्यांना नेहमीच्या मापाचा पट्टा बांधला, तर वरचा आकडा सरासरी १९.५ मिमीने जास्त आला. २०२४ च्या दुसऱ्या अभ्यासात हात टेबलावर टेकवण्याऐवजी मांडीवर ठेवला तर ३.९ आणि बाजूला लोंबता सोडला तर ६.५ मिमीने आकडा चढला. म्हणजे हात कुठे होता एवढ्यावरून पडणारा फरक हा स्वतःच्या काळजीतून होणाऱ्या फायद्याइतका किंवा त्याहून मोठा असू शकतो.

ही चूक दोन्ही गटांत सारखी असेल तर तुलनेत ती वजा होऊन जाते. अडचण येते ती शिकवण्याच्या अभ्यासांत. आपल्या वर्गात रुग्ण हेच तर शिकतात, की पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकवावी, पाय जमिनीवर ठेवावेत, पायावर पाय नको, दंड हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा, मोजताना बोलू नये. तीन महिन्यांनी हा रुग्ण तपासणीला येतो तेव्हा तो हे सारे आपणहून करतो. वर्गाला न आलेला रुग्ण चालत येऊन लगेच बसतो, हात लोंबता ठेवतो आणि परिचारिकेशी बोलत राहतो. दोघांच्या आकड्यांत पाच-सहा मिमीचा फरक निघाला तर तो रक्तवाहिन्यांतला फरक आहे की बसण्यातला, हे त्या आकड्यावरून सांगता येणार नाही. म्हणून अखेरचे मोजमाप दोन्ही गटांचे एकाच शिस्तीत, प्रमाणित स्वयंचलित यंत्राने, आणि रुग्ण कोणत्या गटातला आहे हे ठाऊक नसलेल्या व्यक्तीने घेतले का, हे लेखाच्या कार्यपद्धतीच्या भागात शोधावे. चोवीस तास दंडावर राहणाऱ्या यंत्राने मोजमाप घेतले असेल तर अधिकच चांगले, कारण तिथे मोजणाऱ्याचा आणि बसण्याच्या पद्धतीचा प्रभाव पुष्कळ कमी होतो.

दुसरी कसोटी रुग्णाच्या शब्दाची. मीठ वाईट असे तीन महिने ऐकलेला माणूस प्रश्नावलीत ‘मी मीठ कमी केले’ असेच लिहिणार. तो खोटे बोलतो असे मला म्हणायचे नाही. त्याला तसे मनापासून वाटत असते. त्याने किती सोडियम (मिठातला मुख्य घटक) खाल्ले हे चोवीस तासांची लघवी साठवून तपासली तर कळते, कारण खाल्लेल्या सोडियमचा बहुतेक भाग लघवीवाटेच बाहेर पडतो. हे काम कष्टाचे आहे, आणि एका दिवसाचा नमुना त्या माणसाची नेहमीची सवय दाखवेलच असेही नाही. तरीही ज्या अभ्यासाने ते कष्ट घेतले त्याचे वजन माझ्या लेखी प्रश्नावलीवर थांबलेल्या अभ्यासापेक्षा कितीतरी अधिक आहे. गोळ्यांचेही तसेच. ‘आपण गोळ्या नियमित घेता का’ या प्रश्नाच्या उत्तरापेक्षा औषधांच्या दुकानातील नोंदी, झाकण उघडल्याची नोंद ठेवणाऱ्या बाटल्या किंवा लघवीतील औषधाची तपासणी जास्त भरवशाची. घरच्या रक्तदाबाची वही असेल तर तीत शून्यावर संपणारे, म्हणजे अंदाजाने लिहिलेले वाटावेत असे, आकडे फार आहेत का, आणि यंत्राच्या स्मृतीतील नोंदी वहीशी जुळवून पाहिल्या का, हेही विचारावे.

आणखी एक गोष्ट आपल्या कामाच्या जवळची आहे म्हणून सांगतो. अनेक अभ्यास ‘ज्ञान वाढले’, ‘आत्मविश्वास वाढला’ एवढ्यावर यश जाहीर करतात. ज्ञान वाढणे ही पहिली पायरी म्हणून चांगलीच आहे, पण प्रश्नपत्रिकेतील गुण वाढले म्हणून रक्तदाब उतरला असे गृहीत धरता येत नाही.

प्रश्न : घरी रक्तदाब मोजल्याने तो आटोक्यात राहतो असे एका लेखात वाचले आणि नुसत्या मोजण्याने काही होत नाही असे दुसऱ्या लेखात. दोन्ही लेख मोठ्या अभ्यासांचा दाखला देतात. खरे कोणाचे?

उत्तर : दोन्ही खरे असू शकतात, कारण दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी तपासल्या असाव्यात. २०१७ साली २५ चाचण्यांतील एकेका रुग्णाची मूळ माहिती एकत्र करून याच प्रश्नाचा अभ्यास झाला. त्यात असे आढळले, की नुसते घरी मोजणाऱ्यांच्या आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या वरच्या रक्तदाबात वर्षाअखेरीस फरक होता जेमतेम १ मिमीचा, आणि तोही योगायोगाचा असू शकेल असा. मात्र मोजण्याच्या जोडीला भरघोस साहाय्य होते, म्हणजे औषधांत पद्धतशीर बदल, शिक्षण, वेळोवेळी मार्गदर्शन असे काही होते, तिथे फरक ६.१ मिमीचा होता. २०१८ च्या ‘टॅस्मिन-एच ४’ या ११८२ जणांच्या चाचणीत घरचे आकडे पाहून डॉक्टरांनी औषधे ठरवली, तेव्हा नेहमीच्या पद्धतीपेक्षा वरचा रक्तदाब ३.५ मिमीने, आणि आकडे दूरध्वनीच्या संदेशांतून पाठवले तेव्हा ४.७ मिमीने कमी राहिला.

यंत्र रक्तदाब उतरवत नाही. आकडा पाहून कोणी काही केले, तरच तो उतरतो. त्यामुळे ‘स्वतःची काळजी’ या मथळ्याखालील कोणताही अभ्यास वाचताना त्या गाठोड्यात नेमके काय काय होते, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये : मोजणे, आहार, व्यायाम, गोळ्यांची शिस्त, परिचारिकेचे फोन, औषधांत बदल. शेवटची गोष्ट तर आवर्जून पाहावी, कारण एका गटात औषधे वाढली आणि दुसऱ्यात वाढली नाहीत, तर फरकाचे बरेचसे श्रेय त्या वाढीव औषधांचेच असते. त्यात वाईट काही नाही; औषध वेळेवर वाढणे हाही काळजीचाच भाग आहे. मात्र आपल्या डॉक्टरांशी ठरवल्याशिवाय घरचा आकडा पाहून गोळी वाढवणे किंवा सोडणे याला यांपैकी एकाही चाचणीचा आधार नाही.

अनेक अभ्यास एकत्र केले म्हणजे निष्कर्ष आपोआप पक्का होतो, असेही समजू नये. वीस कच्च्या अभ्यासांची सरासरी कच्चीच राहते, फक्त ती अधिक ठाम दिसते. त्यातही ज्या अभ्यासांत काही निघाले नाही ते अप्रकाशित राहण्याची शक्यता जास्त असते, म्हणून ती सरासरी उपायाच्या बाजूने झुकते.

प्रश्न : रक्तदाबाची गोळी रात्री घेतली तर हृदयविकाराचा धोका निम्म्याने कमी होतो असे काही वर्षांपूर्वी वाचून मी वेळ बदलली. आता डॉक्टर म्हणतात, वेळेने फरक पडत नाही. एवढ्या मोठ्या अभ्यासावरही विश्वास ठेवायचा नाही का?

उत्तर : आपण वाचलेला अभ्यास स्पेनमधील ‘हायजिया’ हा असावा. २०१९ साली तो प्रसिद्ध झाला, त्यात १९,०८४ रुग्ण होते आणि रात्री गोळी घेणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या घटना सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झाल्याचे म्हटले होते. संख्या मोठी असूनही अनेक तज्ज्ञ सावध होते. एक तर, फक्त वेळ बदलून मिळालेला हा फायदा नवे औषध सुरू करून मिळतो त्याहूनही मोठा होता. आणि रुग्णांची विभागणी नेमकी कशी झाली याबद्दल प्रश्न विचारले गेले होते. अपेक्षेपेक्षा फारच सुंदर निकाल हे स्वतःच बारकाईने तपासण्याचे कारण असते.

पुढे २०२२ साली ब्रिटनमधील ‘टाइम’ या २१,१०४ जणांच्या चाचणीचा निकाल आला. संध्याकाळी गोळी घेणाऱ्यांपैकी ३.४ टक्के आणि सकाळी घेणाऱ्यांपैकी ३.७ टक्के लोकांच्या बाबतीत हृदयविकार, पक्षाघात अशा मुख्य घटना घडल्या. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला होता. त्यानंतर कॅनडातील ‘बेडमेड’ या चाचणीतही २०२५ साली वेळेचा फरक दिसला नाही. स्वतंत्र संशोधकांनी वेगळ्या ठिकाणी तोच प्रश्न पुन्हा तपासावा आणि उत्तर तेच यावे, याहून मोठी कसोटी नाही. ‘हायजिया’ तिला उतरला नाही. आपल्याला जी वेळ न चुकता पाळता येते ती चांगली. रात्रीची वेळ सोयीची पडत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर पुन्हा बदलण्याचे कारण नाही.

प्रश्न : ‘डॅश’ आहाराने रक्तदाब अकराने उतरतो असे सर्वत्र लिहिलेले असते. मी वर्षभर मनापासून प्रयत्न केला, पण माझा चार-पाचनेच उतरला. माझे काही चुकते आहे का?

उत्तर : आपले काही चुकते आहे असे मला वाटत नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेली ‘डॅश’ ही उत्तम दर्जाची चाचणी होती, पण ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत होती ते पाहू. त्यातील ४५९ जणांना आठ आठवडे सगळे अन्न संशोधकांनी तयार करून पुरवले होते. फळे, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचे दुग्धपदार्थ भरपूर असलेल्या आहाराने तुलनेच्या आहारापेक्षा वरचा रक्तदाब सर्वांत मिळून ५.५ मिमीने, तर ज्यांना आधीच उच्च रक्तदाब होता त्यांच्यात ११.४ मिमीने अधिक उतरला. हा आहार नेमका पोटात गेला तर काय होते, हे त्या चाचणीने दाखवले. स्वतः बाजारहाट करून, स्वयंपाक करून, घरच्यांच्या आवडीनिवडी सांभाळून काय होते, हा वेगळा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर २००३ च्या ‘प्रीमियर’ चाचणीत काही अंशी मिळते. ८१० जणांना त्यात अन्न पुरवले नव्हते, सल्ला दिला होता. एका गटाला फक्त थोडक्यात सल्ला, दुसऱ्याला वजन, मीठ आणि व्यायाम यांबाबत सहा महिन्यांत १८ बैठकांचे मार्गदर्शन, आणि तिसऱ्याला त्याच मार्गदर्शनात ‘डॅश’ची भर. थोडक्यात सल्ला मिळालेल्यांपेक्षा दुसऱ्या गटाचा वरचा रक्तदाब ३.७ मिमीने आणि तिसऱ्याचा ४.३ मिमीने अधिक उतरला. म्हणजे एवढ्या पाठबळानंतर घरच्या परिस्थितीत मिळालेला फायदा आपल्या आकड्याच्या आसपासच आहे. आपण तो कोणाच्या बैठकांशिवाय मिळवला असेल, तर अभिमान बाळगण्याजोगे आहे. अर्थात एका माणसाच्या वर्षभराच्या आकड्यांत ऋतू, वजन आणि गोळ्या यांचाही वाटा असतो, हे ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : पदव्युत्तर प्रबंधासाठी मी उच्च रक्तदाबातील स्वतःच्या काळजीवरील चाचण्यांचा आढावा घेत आहे. दर्जा मोजण्यासाठी गुणांची एखादी मोजपट्टी वापरून अमुक गुणांच्या खालचे अभ्यास वगळावेत, असे सुचवले गेले आहे. ते योग्य होईल का?

उत्तर : मी तसे करू नये असे म्हणेन. १९९६ सालची जदाद मोजपट्टी घ्या. पाचपैकी दोन गुण विभागणीला, दोन गुण उपचार कोणता हे लपवून ठेवण्याला आणि एक गुण मधेच सोडून गेलेल्यांच्या हिशेबाला. आपल्या विषयात उपाय लपवताच येत नाही, म्हणून सर्वांत काटेकोर चाचणीलाही तिथे दोन गुण मिळायचे नाहीत. आणि मोजणाऱ्याला गट ठाऊक नव्हता, ही आपल्यासाठी फार महत्त्वाची गोष्ट ती पट्टी वेगळी धरतच नाही. शिवाय बेरीज केली की एका बाजूची भक्कम विभागणी दुसऱ्या बाजूच्या ढिसाळ मोजमापावर पांघरूण घालते.

वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेचे २०१९ पासून वापरात असलेले सुधारित साधन, ‘रॉब २’, विभागणी, ठरलेल्या उपायापासून झालेली फारकत, गहाळ माहिती, मोजमाप आणि निवडक निष्कर्ष छापणे, या पाच अंगांचा स्वतंत्र विचार करायला लावते, आणि तोही एकेका निष्कर्षासाठी वेगळा. याचा आपल्याला मोठा उपयोग होईल : त्याच चाचणीतील चोवीस तासांच्या यंत्रावरचा रक्तदाब मोजमापाच्या अंगाने विश्वसनीय ठरू शकतो आणि प्रश्नावलीवरची गोळ्यांची नियमितता अविश्वसनीय. अभ्यास वगळू नका. सर्व घ्या आणि ज्यांत त्रुटींचा धोका जास्त आहे ते बाजूला ठेवल्यावर निष्कर्ष टिकतो का, हे दाखवा. दोघांनी स्वतंत्रपणे पारख करावी आणि मतभेद कसे मिटवले ते लिहावे. स्वतःच्या काळजीची व्याख्याही आधीच ठरवा. रीगेल, यार्स्मा आणि स्ट्रॉमबर्ग या परिचर्या-संशोधकांनी २०१२ साली मांडलेली, प्रकृती राखणे, तिच्यावर लक्ष ठेवणे आणि बिघाड दिसल्यास कृती करणे, ही तीन अंगांची विभागणी आपल्या कामाला चपखल बसेल, कारण बहुतेक चाचण्या पहिल्या दोन अंगांवरच थांबतात.

प्रश्न : माझ्या मोबाइलवर एक रक्तदाबाचे ॲप आहे. त्याच्या जाहिरातीत म्हटले आहे, की अभ्यासात सहा महिन्यांनी ७० टक्के वापरकर्त्यांचा रक्तदाब आटोक्यात आला. हा आकडा कसा वाचावा?

उत्तर : ७० टक्के कोणाचे, हे आधी विचारावे. समजा, सुरुवातीला २०० जणांनी ॲप घेतले, सहा महिन्यांत ८० जणांनी ते उघडणे सोडून दिले, आणि उरलेल्या १२० पैकी ८४ जणांचा रक्तदाब आटोक्यात होता. जाहिरातीत ८४ ला १२० ने भागतात आणि ७० टक्के येतात. ज्यांनी सोडून दिले त्यांच्यात कंटाळलेले, आकडा उतरत नाही म्हणून निराश झालेले आणि प्रकृती बिघडलेलेही असतात. चांगल्या चाचणीत ज्याला ज्या गटात घातले त्याला शेवटपर्यंत त्याच गटात मोजतात आणि हरवलेल्यांबद्दल काय गृहीत धरले ते स्पष्ट लिहितात. सोडून गेलेल्या ८० जणांचा रक्तदाब आटोक्यात नाही असे धरले, तर तीच ८४ माणसे २०० पैकी ४२ टक्के ठरतात. आणि त्या ४२ टक्क्यांपैकी किती जणांचा रक्तदाब ॲपशिवायही आटोक्यात आला असता, हे ॲप न दिलेला गट अभ्यासात असेल तरच सांगता येईल. जाहिरातीत त्या गटाचा उल्लेख नसेल, तर कंपनीला पत्र लिहून तेवढे जरूर विचारावे.